अनुभव धागा: पॅकेज.जेसनमधल्या स्क्रिप्टना नावं कशी देता?

प्रकल्पात नवा आलेला माणूस बरेचदा रीडमीच्याही आधी पॅकेज.जेसन (जावास्क्रिप्ट प्रकल्पाची माहिती आणि स्क्रिप्ट, म्हणजे नाव दिलेल्या कमांड, ठेवणारी फाइल) उघडतो आणि 'स्क्रिप्ट्स' वाचून काय कसं चालवायचं ते ठरवतो. म्हणून ही नावं विचार करून द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या टीममध्ये कोणती पद्धत आहे, ती कशी ठरली, कुठे अडली? सविस्तर लिहा.

पुणे, फ्रंटएंड
आमचा जुना प्रकल्प क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवर, नवा नेक्स्टवर (दोन्ही वेबसाइट बांधायची साधनं). जुन्यात 'स्टार्ट' म्हणजे डेव्हलपमेंट सर्व्हर. नेक्स्टमध्ये त्यासाठी 'डेव्ह' आणि 'स्टार्ट' म्हणजे आधी बिल्ड केलेलं प्रॉडक्शन, वापरकर्त्यांसाठीचं तयार रूप. इकडून तिकडे गेलेली मंडळी सवयीने 'एनपीएम स्टार्ट' देत (एनपीएम म्हणजे पॅकेज बसवणारं आणि या स्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि बिल्ड सापडत नाही म्हणून एरर येई. शेवटी जुन्यातलंही नाव 'डेव्ह' केलं. विचारणा थांबल्या.

नाशिक, मोनोरेपो (एकाच रेपोत अनेक पॅकेजेस) सांभाळते
आम्ही कोलनवाले: 'टेस्ट:युनिट', 'लिंट:जेएस', 'लिंट:सीएसएस' (लिंट म्हणजे कोडमधल्या चुका तपासणं). एनपीएमला या कोलनचं काहीच नाही, पण अनेक स्क्रिप्ट एकत्र चालवणाऱ्या एनपीएम-रन-ऑल या साधनाला आहे. 'लिंट:*' लिहिलं की त्या पातळीवरच्या सगळ्या स्क्रिप्ट चालतात. 'लिंट:सीएसएस:फिक्स' मात्र सुटते, तिच्यासाठी दोन चांदण्या लागतात. याचाच आम्ही नियम केला. फाइल बदलणारी प्रत्येक स्क्रिप्ट एक पायरी खाली, शेवटी 'फिक्स'. त्यामुळे सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) 'लिंट:*' बिनधास्त चालवतो, कोड जागचा हलत नाही. यार्न (एनपीएमला पर्यायी साधन) २ पासून कोलनवाली स्क्रिप्ट कुठल्याही वर्कस्पेसमधून, म्हणजे मोनोरेपोतल्या पॅकेजमधून, चालवता येते, पण ते नाव एकाच वर्कस्पेसमध्ये असावं लागतं. म्हणून अशा नावात आम्ही पॅकेजचं नावही घालतो.

ठाणे
'प्री' आणि 'पोस्ट' जपून वापरा. एनपीएममध्ये 'बिल्ड'च्या आधी 'प्रीबिल्ड' आपोआप चालतं. यार्न २ मध्ये आपण ठेवलेल्या नावांसाठी तसं होत नाही. आम्ही यार्नवर गेलो तेव्हा 'प्रीबिल्ड'ने होणारं डिस्ट फोल्डर (बिल्ड झालेल्या फाइलींचं) साफ होणं बंद झालं आणि जुन्या फाइली पॅकेजमध्ये जात राहिल्या. कुठे एररही नाही. आता 'क्लीन' वेगळी ठेवून 'बिल्ड'मधूनच उघडपणे बोलावतो. आणखी एक गंमत: व्हीट या बिल्ड साधनाच्या प्रकल्पात 'प्रीव्ह्यू' असतंच. तिथे 'व्ह्यू' नावाची स्क्रिप्ट जोडलीत, तर एनपीएम तिच्याआधी 'प्रीव्ह्यू' चालवेल!

लायब्ररी लिहिणारा
वरच्याला पुस्ती. 'प्रीपब्लिश' या नावावर विसंबू नका, ते साध्या 'एनपीएम इन्स्टॉल'लाही चालायचं. २०१६ साली एनपीएम ४ मध्ये 'प्रिपेअर' आणि 'प्रीपब्लिशओन्ली' आली, ती वापरा.

बंगळुरू, बॅकएंड
आम्ही सूचना लिहिताना 'रन' कधीच गाळत नाही. पीएनपीएम आणि बन ही एनपीएमसारखीच साधनं. पीएनपीएमची स्वतःची 'डिप्लॉय' कमांड आहे, आणि 'बन टेस्ट' दिलं की बनचा स्वतःचा टेस्ट रनर चालतो, आपली 'टेस्ट' स्क्रिप्ट नाही. 'बन रन टेस्ट' असंच लिहा.