मदत हवी आहे: दारूबंदीचा ठराव झाला, देशीचं दुकान चालूच

बीड जिल्ह्यातलं गाव. ग्रामसभेत एकमताने ठराव झाला, पण परवानाधारक देशी दारूचं दुकान उघडंच आहे. ग्रामपंचायत म्हणते, आमच्या हातात काही नाही. यादीत महिला मतदार 1,840. आता नेमकं काय करायचं?

चावडी:
ग्रामपंचायत खरं बोलतेय. परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याचा, नुसत्या ठरावाने तो बंद होत नाही. ठरावाची प्रत जोडा, पण खरा रस्ता 2008 च्या शासन आदेशातल्या मतदानाचा, म्हणजे आडव्या बाटलीचा (चिठ्ठीवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू). एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांच्या सह्यांचा अर्ज लागतो. तुमच्याकडे 460. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांना. दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या.

460 वर थांबू नका. पडताळणीत सह्या गळतात: एकीने तिघींच्या केलेल्या, यादीत नावच नसलेलीची, माहेरच्या नावाने केलेली. 600 तरी गोळा करा आणि प्रत्येक सहीसमोर यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहा. अंगठा असेल तर शेजारी नाव. पडताळणीच्या दिवशी बायका ओळखपत्र घेऊन हजर हव्यात. नेमक्या त्याच दिवशी मजुरीला गेल्या की आकडा कोसळतो.

प्रश्नकर्ती:
मग मतदानात जास्त मतं पडली की झालं ना?

चावडी:
नाही हो ताई, इथेच गावं फसतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. तुम्हाला किमान 921. समजा 1,100 जणी आल्या, 900 आडवी, 200 उभी. जिंकल्यासारखं वाटेल, पण दुकान चालूच राहील. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या कामी येते. मयत झालेली आणि यादीत राहिलेलीसुद्धा.

बांधावरून:
म्हणून अर्जाआधी यादी साफ करा. मयत आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्यांसाठी तहसीलमध्ये नमुना 7 (यादीतून नाव वगळण्याचा अर्ज) भरून द्या. 100 नावं गेली तर गरज 921 वरून 871 वर येते. हे काम कंटाळवाणं आहे, पण घोषणांपेक्षा जास्त उपयोगी.

बीड म्हणजे ऊसतोड आलीच. दिवाळीनंतर कोयते (ऊसतोड मजुरांच्या जोड्या) कारखान्यांवर गेले की निम्मं गाव रिकामं. तारीख प्रशासन ठरवतं, तरी हंगामात मतदान नको असं कारणासकट लेखी द्या. मतदान गुप्त असतं, हे घरोघरी सांगा. नवऱ्याला कळेल या धास्तीने कितीतरी जणी येत नाहीत. चिठ्ठीवर उभी आणि आडवी दोन चित्रं असतात, त्यांचा नमुना कागदावर काढून दाखवा, नाहीतर गडबडीत शिक्का भलत्याच बाटलीवर पडतो.

प्रश्नकर्ती:
गावात हातभट्टीही आहे. ती याच मतदानात जाईल का?

चावडी:
तिला परवानाच नाही, मग मतदान कशाचं? तिथे पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार, आणि ग्रामरक्षक दल (अवैध दारूवर लक्ष ठेवणारं गावकऱ्यांचं पथक). देशीचं दुकान बंद झालं की हातभट्टीचं गिऱ्हाईक वाढतं, तेव्हा ती तक्रार आताच टाका. आणि परवान्याचा बिअर बारही असेल तर मुख्य अर्जात कोणकोणती दुकानं हवीत ते नावानिशी लिहा, नुसतं 'दारूबंदी करा' नको.

प्रश्नकर्ती:
बार नाही. उद्या तहसीलमधून यादी काढते.