अनुभव धागा: एकच नगर जिल्हा, पण उत्तर वेगळी अन् दक्षिण वेगळी. तुमचा तालुका कोणता?

बाहेरगावी कुणी विचारलं की आपण सगळेच सांगतो, नगरचा. नगरवाला भेटला की तो लगेच पुढचं विचारतो, नगरमधी कुठं? आणि उत्तर ऐकलं की त्याच्या डोक्यात आपलं सगळं ठरून जातं, ऊसवाला का दुष्काळी, पैसेवाला का कोयतेवाला. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. २०२४ ला नाव अहिल्यानगर झालं तरी बोलताना अजून नगरच तोंडात येतं. गाड्यांचे नंबर दोन, एमएच १६ आणि १७, खासदार दोन. मी राहुरीचा, म्हणजे पार मधला, आमचा ऊस उत्तरेसारखा आणि मतदान मात्र दक्षिणेच्या खासदाराला, त्यामुळे दोन्हीकडचे आम्हाला आपलं म्हणत नाहीत असं मला लहानपणापासून वाटत आलंय. पुढाऱ्यांवर वाद नको, घरातलं सांगा. सोयरीक, शेती, शाळा, बोली, जे अनुभवलं ते.

अकोले, भंडारदऱ्याच्या वरची बाजू

उत्तर-दक्षिण म्हणताना आम्हाला कुणी मोजतच नाही. आम्ही महादेव कोळी, भात लावणारी माणसं. घाटघर-रतनवाडीला पाऊस इतका की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिल-मे मधी आमच्याच वाडीतल्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, पाणी साठतं आमच्या दारात आणि पिकतं खाली प्रवरेच्या काठाला. खालच्या लोकांचा राग नाही, त्यांनी कष्ट केलेत, पण कॉलेजात प्रवरा पट्ट्यातली पोरं "तुम्ही काय बाबा, पाणीवाले" म्हणायची तेव्हा काय बोलावं सुचायचं नाही. कलेक्टर ऑफिसला जायचं तर शंभर किलोमीटरच्या पुढं, नाशिक त्याच्यापेक्षा जवळ. दवाखाना, बाजार, नोकरी सगळं नाशिकला, नगर फक्त कागदासाठी.

पाथर्डीची (आता राहते श्रीरामपूरला)

माझे आई-वडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली असायची ती फेडायला टोळी निघायची, आणि आमच्या टोळीचा कारखाना बरीच वर्षं प्रवरा पट्ट्यातलाच होता. म्हणजे जिल्हा तोच! तरी तिथल्या गावात आम्ही परकेच. थळात, म्हणजे टोळीच्या तळावर, पाचटाच्या कोप्या (झोपड्या), आत चूल, दोन पत्र्याच्या पेट्या आणि गोधड्या. पहाटे तीनला आई भाकरी थापायची, वडील टायरगाडीला बैल जुंपायचे, नवरा-बायको दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. मी नि भाऊ संध्याकाळी वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकायला वस्तीवर जायचो. त्या वस्तीवर मी पहिल्यांदा पाट भरून वाहताना पाहिला, मार्च महिन्यात! आमच्या गावात तेव्हा विहिरीचा तळ दिसत असायचा. मला आठवतं मी आईला विचारलं होतं की हे पाणी आपल्याकडं का नाही येत, ती म्हणली उंचावर हाये आपलं गाव, पाणी वर चढत नाही. पुढं शिकले, डीएड केलं, आणि नोकरी लागली ती याच पट्ट्यात. आता ज्यांच्या उसात आई राबली तसल्याच घरातली पोरं माझ्या वर्गात असतात, गुणी असतात. पण स्टाफरूममधी कुणी सहज म्हणतं "दक्षिणेतली माणसं काटक असतात हो", तेव्हा त्यांना कौतुकच करायचं असतं हे कळतं, तरी आत काहीतरी टोचतं. काटक हौसेने कुणी होत नाही. दर सिझनला शाळेजवळ कोप्या पडल्या की मी स्वतः जाऊन पोरं वर्गात आणून बसवते, त्यांचं नाव कुठल्या का शाळेत असेना. उत्तर-दक्षिण एकमेकांना ओळखतात ती फक्त या चार-पाच महिन्यांत, आणि तेही उसाच्या फडात, हे मला फार लागतं.

संगमनेर, तळेगाव भाग

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. पण उत्तर म्हणजे सगळा ऊस नाही हो. आमचा तळेगाव भाग संगमनेर तालुक्यातच आहे आणि टँकर बघतच आम्ही मोठे झालो. निळवंडे धरणाच्या कॅनॉलची वाट बघत आमची एक पिढी गेली, आजोबा गेले, पाणी २०२३ मधी दिसलं. तालुक्याचं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो तुमचं काय, बागायतदार!

जामखेड

आमचं बाजाराचं, दवाखान्याचं, लग्नाचं बरंचसं बीडकडं. "काय करायलास" असं आम्ही बोलतो, नगरच्या कॉलेजला गेलो तर पोरं मराठवाड्याचा का म्हणून हसायची. शेजारचा बीड १९४८ पर्यंत निजामाकडं, आम्ही इंग्रजांकडं, तेवढ्या कारणानं आम्ही नगरमधी. मराठवाड्याच्या नावानं काही जाहीर झालं की आम्ही त्यात नसतो, आणि नगरच्या नावानं झालं की आमच्यापर्यंत पोचत नाही, निदान माझ्या गावाचा अनुभव हाच. नामांतर झालं तेव्हा मात्र ऊर भरून आला, चौंडी आमच्या तालुक्यातली. अहिल्याबाईंचं गाव म्हणल्यावर आता कुणी "जामखेड कुठं आलं" विचारत नाही.

पारनेर

आमच्याकडं उत्तर नाही, दक्षिण नाही, मुंबई आहे. घरटी एक माणूस तिकडं, आधी गिरणीत, मग माथाडी नाहीतर टॅक्सी. यात्रेला गाव भरतं, एरवी म्हातारी माणसं. संगमनेर मी आजवर पाहिलेलं नाही, लालबाग पाठ आहे.

कोपरगावची लेक, श्रीगोंद्याची सून

माझं लग्न ठरलं तेव्हा मामांनी वडलांना सरळ विचारलं होतं, पोरगी दक्षिणेत ढकलता का, पाणी तरी आहे का तिकडं? आले तर इकडं ऊस आहे, लिंबाच्या बागा आहेत, घोड आणि कुकडीचं पाणी आहे. सासूबाईंना पण वाटायचं गोदाकाठची पोरगी, हिला रानात काम होणार नाही, ते पहिल्याच लिंबाच्या तोडणीला मिटलं. उत्तरेनं दक्षिणेचं पाणी नेलं असं इकडं कुणी बोललं की मी वाद घालते. माझ्या माहेरी कॅनॉलला पाणी सुटतं ते नाशिक जिल्ह्यातल्या धरणांतून, सासरी सुटतं ते पुणे जिल्ह्यातल्या. दोन्ही घरं दुसऱ्याच्या जिल्ह्याकडं तोंड करून बसलेली, आणि आमच्या शेवटच्या चारीला तर आवर्तन संपत आलं की थेंब येतो. भावाचा फोन आला की तब्येतीच्या आधी हेच विचारतो, तुमच्याकडं सुटलं का?