वेरूळचं कैलास मंदिर मुलाला नीट कसं दाखवू?

कोथरूडची_आई
दिवाळीच्या सुट्टीत सासरे आणि सातवीतला मुलगा यांना घेऊन वेरूळला जायचं ठरतंय. चार वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा गाईडनं अर्ध्या तासात सगळं उरकलं. "हा रावण, हा हत्ती, चला पुढे." मला काहीच कळलं नाही याची आजही रुखरुख आहे. त्यात मुलगा मोबाईलवर व्हिडिओ बघून म्हणतो की हे माणसाला शक्यच नाही, परग्रहावरून कोणीतरी येऊन केलंय. त्याला काय दाखवलं म्हणजे पटेल? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

टूलरूमवाला
ताई, वेरूळला जाण्याआधी एका रविवारी मुलाला घेऊन जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला जा. हे आधी करा.

मी चिंचवडला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. लोखंडाच्या ठोकळ्यातून डाय, म्हणजे साचे, कापायचं काम. त्यात एकच भीती असते: कापलेलं परत चिकटवता येत नाही. साइजच्या खाली गेला की जॉब, म्हणजे कापत असलेला तुकडा, भंगारात. त्यामुळे निम्मा वेळ मार्किंगमध्ये जातो. कैलास मंदिर मी पहिल्यांदा पाहिलं ते या नजरेनं, आणि तिथे मला रडू आलं होतं.

पाताळेश्वर आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, म्हणजे कैलासाच्याच पिढीतलं. तिथे डोंगर नाही, सपाट जमीन आहे, म्हणून कारागीर खाली उतरले. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे ना, तो आणून बसवलेला नाही. भोवतीचा कातळ काढून टाकला आणि तेवढा भाग ठेवला. कैलासाची सगळी युक्ती तिथे लहान आकारात आहे. शिवाय हे काम अपुरं राहिलंय. आतले खांब जाडजूड, चौकोनी, बहुतेक साधे. माझ्या मते शिकायला पुरं झालेल्या कामापेक्षा अपुरं काम जास्त चांगलं, कारण हात कुठवर आला होता ते दिसतं.

मग वेरूळ. लेणं क्रमांक १६. डोंगरात वरून खोल चर घेतले, मधे कातळाचा प्रचंड ठोकळा सुटा केला आणि त्याचं देऊळ केलं. तळाशी अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, मागचा कडा १०७ फूट उंच. त्या कड्याजवळ मुलाला उभं करा आणि दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दाखवा. प्रत्येक खूण म्हणजे कुणाच्या तरी हाताचा एक घाव. व्हिडिओवाल्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

शक्य असेल तर मुलाला आधी कडेच्या पायवाटेनं वर न्या. चढ आहे, सासऱ्यांना खाली अंगणातच बसू द्या. वरून सभामंडपाच्या छपरावरचं कमळ आणि त्याच्याभोवतीचे चार सिंह दिसतात. कारागिरांच्या हातून आधी हे झालं, जोत्याचे हत्ती नंतर. आपण खालून वर बघत जातो, ते वरून खाली आले होते.

खाली आलात की दक्षिणेच्या बाजूचा रावण. कैलास पर्वत हलवतोय, पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, दासी पळतेय आणि शंकर शांत. रावण इतका खोल कोरलाय की तो खरोखर अंधारातून वर रेटतोय असं वाटतं. इथे घाई करू नका.

पैठणची_लेक
वरच्या दादांनी वरून खाली सांगितलं, त्यावरून आजीची गोष्ट आठवली. ही जुनी मराठी कथा आहे. एलापूरच्या, म्हणजे जुन्या वेरूळच्या, राणीनं नवस केला की शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. देऊळ व्हायला तर वर्षं लागणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला. त्यानं शिखरापासूनच सुरुवात केली आणि आठवड्यात राणीला कळस दाखवला. इतिहास म्हणून नका घेऊ, पण आधी शिखर झालं हे लोकांनी गोष्टीत किती नेमकं जपून ठेवलंय!

इतिहास हवा तर: देऊळ राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर आहे, राज्य साधारण ७५६ ते ७७३. सगळं काम त्याच्याच हयातीत झालं असं मात्र नाही, आवारातली काही लेणी पुढची आहेत. त्याच्याच ७६८ च्या तळेगाव ताम्रपटात आपल्या पुण्याच्या परिसराचा उल्लेख 'पुणक विषय' असा येतो; विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत किंवा जिल्हा. आणि ८१२च्या सुमाराच्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे की घडवणारा स्वतःच थक्क झाला, हे आपल्या हातून कसं झालं म्हणून. मुलाला हे जरूर वाचून दाखवा.

अजून एक. काळा दगड पाहून हे आधीपासून असंच होतं असं वाटतं. काही ठिकाणी पांढऱ्या गिलाव्याचे थर आणि चित्रांचे रंग अजून आहेत. म्हणूनच लोक याला रंगमहालही म्हणायचे.

कोथरूडची_आई
काल पाताळेश्वरला जाऊन आलो. नंदीच्या मंडपाभोवती चार फेऱ्या मारून मुलानं विचारलं, "छप्पर आधी केलं, मग त्याखाली खांब कोरताना छपराला तडा गेला असता तर?" मला उत्तर देता आलं नाही. काका, तुम्ही सांगा.

टूलरूमवाला
तर तिथेच थांबावं लागलं असतं. खांब कुठे आणि किती जाड, हे छपराला हात लावण्याआधी ठरलेलं असणार. खांबांच्या जागी कातळ जास्तच ठेवायचा आणि शेवटी बारीक करायचा, आम्हीही जॉबवर तसंच मटेरियल राखतो. त्याला सांगा, प्रश्न अगदी बरोबर विचारलाय. कैलासाच्या सभामंडपात सोळा खांब आहेत, चार-चारच्या गटात. तिथे उभं राहून त्याला वर बघायला सांगा, डोक्यावर तेच कमळवालं छप्पर असेल.

मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.