अडॅप्टेशनला मराठीत नेमकं काय? अनुकूलन, जुळवून घेणं, का नुसतं सोसणं?

शेंगाचटणी:
मंडळी एक अडचण आलीय. मंगळवेढ्याकडच्या एका गावात शेतकऱ्यांसमोर हवामान बदलावर अर्धा तास बोलायचंय आणि हातात जे मराठी पत्रक दिलंय त्याची पहिलीच ओळ 'आर्थिक वृद्धी व हवामान बदल अनुकूलन यांची सांगड' अशी आहे. घरी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, बदल अनुकूल आहे म्हणजे चांगलंच झालं की, मग सभा कशाला? तिचं काय चुकलं सांगा. अडॅप्टेशनला सोलापूरच्या माणसाला कळेल असा शब्द पाहिजे, डिक्शनरीतला नको, तो मलाही सापडतो.

मालदांडी:
आईचं काहीच चुकलं नाही. अनुकूल म्हणजे अनु + कूल, कूल म्हणजे नदीचा काठ. काठाकाठानं, प्रवाहाच्या कलानं जाणारं ते अनुकूल आणि काठाच्या विरुद्ध ते प्रतिकूल. म्हणजे मुळात शब्द चांगला आहे, नदी वळली की आपणही वळायचं. पण रोजच्या मराठीत अनुकूल म्हणजे 'आपल्या सोयीचं' एवढंच उरलं (परिस्थिती अनुकूल, ग्रह अनुकूल, नवरदेवाकडचे अनुकूल), त्यामुळं 'हवामान अनुकूल शेती' असं लिहिलं की निम्म्या लोकांना वाटतं यंदा पाऊसपाणी चांगलं आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात 'उंटाचे अनुकूलन' चालतं कारण उंट पत्रक वाचत नाही.

जुनीगिरणी:
वातानुकूलित विसरलात का? बसवर लिहिलेलं असतंय की. त्यात कोण कुणाच्या कलानं जातंय बघा, हवा आपल्या कलानं जातीय. आणि पत्रकातल्या अनुकूलनात माणसानं हवेच्या कलानं जायचंय. शब्द एकच पण धंदा बरोबर उलटा. आमच्याकडं मे महिन्यात 43-44 ला टेकतंय, मालकाच्या केबिनमधे वातानुकूलन आणि पत्र्याखाली लूमवर उभा राहणाऱ्याचं नुसतं अनुकूलन. आर्थिक वाढीचा आणि याचा काय संबंध म्हणून वेगळं भाषण करायची गरजच नाही बे, या दोन शब्दात सगळं आलं.

माळढोक:
+1. पण मग साधं 'जुळवून घेणं' का नको? सगळ्यांना कळतं.

शेंगाचटणी:
कळतं म्हणूनच भीती वाटते. जुळवून घे हे आपण कुणाला सांगतो? नव्या सुनेला. भाडेकरूला. बदली झालेल्या क्लार्कला. सासूला कधी कुणी सांगितलंय का जुळवून घे म्हणून? म्हणजे ज्याच्या हातात काही नाही त्यालाच सांगायचा शब्द आहे हा. कोळसा जाळला दुसऱ्यांनी, हवेतला कार्बन डायऑक्साइड गिरण्यांच्या आधी 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागात 280 भाग) होता तो 420 च्या वर गेला, आणि मी जाऊन कोरडवाहूवाल्याला म्हणू का 'जुळवून घ्या'? चपला पडतील.

होटगीनाका:
अहो इतकं मनाला लावून घेऊ नका. माणूस कायम जुळवून घेतच आलाय आणि त्यासाठी पैसा लागतो, वाढ लागते, यात वाईट काय? 1876-78 च्या दुष्काळात आपल्या भागात माणसं अक्षरशः रस्त्यावर मेली, 1972 चा दुष्काळही भयंकर होता पण तसं झालं नाही कारण रस्ते होते, ट्रक होते, रोजगार हमीची कामं निघाली, आजी लोकांनी सुकडी आणि ती परदेशी लाल मिलो ज्वारी खाऊन का होईना दिवस काढले. बांगलादेशात 1970 च्या चक्रीवादळात तीन लाखांवर माणसं गेली म्हणतात, 2020 च्या अम्फानमधे तिथं दोनेक डझन. याला मी तरी वाढच म्हणतो.

मालदांडी:
उदाहरण बरोबर आहे पण ते तुमच्याच विरुद्ध जातंय. बांगलादेश 1970 ते 2020 मधे काय अमेरिका नाही झाला. निवारे बांधले, सायकलवरून भोंगा घेऊन फिरणारे स्वयंसेवक तयार केले, इशारा वेळेत पोचवला. पैसा लागला, पण कुठं लावला ते महत्त्वाचं. आणि रोजगार हमीतही खजिना मोठा होता हा मुद्दा नव्हता, मागेल त्याला काम ही अट मुद्द्याची होती.

बरं शब्दावरच आहोत तर 'वाढ' घ्या. वृद्धी वगैरे टाकून द्या, आपल्याकडं वाढणे म्हणजे मोठं होणे आणि वाढणे म्हणजे पानात वाढणेसुद्धा. आर्थिक वाढ झाली म्हटलं की गावातला माणूस लगेच विचारेल कुणाच्या पानात? वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीलाही जिलबी मिळते हे सगळ्यांना माहितीय. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्सनं स्वतः 1934 मधे लिहून ठेवलंय की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही ते ठरवता येत नाही. त्याला मराठी येत असती तर एका क्रियापदात काम झालं असतं.

जुनीगिरणी:
भारी!! हे घ्या भाषणात.

आणि 'वजा' पण घ्या. उजनी धरण वजा 40 टक्के, उजनी वजा 50 हे आपल्या जिल्ह्याशिवाय बाहेरच्याला कळतच नाही, पुण्याचा पाहुणा विचारत होता धरण शून्याच्या खाली कसं जातं. एकूण साधारण 117 टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी हात न लावायचा तळाचा साठा, तो उपसायला लागलो की वजा. 2024 च्या उन्हाळ्यात वजा 50 च्याही खाली गेलं होतं. मृतसाठ्यावर जगणं हे अनुकूलन का ओव्हरड्राफ्ट ते तुम्हीच ठरवा. आणि त्याच पाण्यावर ऊस उभा आणि जिल्ह्यात कारखान्यांचं पेव फुटलेलं.

मालदांडी:
पेव!! थांबा थांबा. पेव म्हणजे काय माहितीय का नवीन पोरांना? जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वरून अरुंद तोंड, खाली मोठा पोटाचा खड्डा, ज्वारी भरून तोंड बंद करायचं, पुढची वर्षं कशी जातील कुणास ठाऊक म्हणून. दुष्काळी मुलखाचं खरं अडॅप्टेशन ते. आता पेव गेलं आणि फक्त 'पेव फुटणे' राहिलं, ते पण साखर कारखान्यांसाठी. यावर मी अजून काही बोलत नाही.

शेंगाचटणी:
अंगावर काटा आला राव.

माळढोक:
मग असे शेतीतले शब्दच काढा की. आमचे आजोबा खरिपाला रान मोकळं ठेवायचे, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालायच्या, ओल धरायची आणि हस्ताच्या आगेमागे ज्वारी पेरायची, मग थंडीत नुसत्या त्या ओलीवर पीक. शेजारी विजापूर-गुलबर्ग्याकडंही तसंच. सोलापुरात 1933 ला कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं तेव्हा साहेब लोकांनीही हेच शास्त्रशुद्ध करायचा प्रयत्न केला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो याच काळ्या रानाला. याला ते कधी अनुकूलन म्हणाले नाहीत, 'ओल धरणे' आणि 'बेगमी करणे' एवढे दोनच शब्द.

होटगीनाका:
बेगमी छान आहे पण ते साठवणीपुरतं. सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब आणलं, ठिबक केलं, शेततळी केली ते कशात बसवणार? पैसा पण झाला.

माळढोक:
पावसानं भरलं ते शेततळं बेगमीत. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात उन्हात ठेवलं तर त्याला आगीतून फुफाट्यात म्हणतात, त्यासाठी नवीन पारिभाषिक शब्द नको. आणि डाळिंबाला अवेळी पाऊस आणि दमट हवा लागली की तेल्या रोग, मग बाग काढून टाकलेले किती दाखवू.

भाकरी_कडक:
उशिरा आलो. तुम्ही सगळे अवर्षणाचंच धरून बसलाय. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी माढा-मोहोळकडं गावात शिरलं ते? तेव्हा सगळीकडं 'ओला दुष्काळ जाहीर करा'. आमच्या मेव्हण्याला वाटतं हा शब्द चुकीचा आहे, दुष्काळ ओला कसा असेल. चुकीचा नाही, दुष् + काळ, वाईट काळ, बास. पाण्याचा उल्लेखच नाही त्यात. पाऊस न पडणं ते अवर्षण. आपल्या शब्दाला दोन्हीकडचं आधीच माहिती होतं.

शेंगाचटणी:
हे मात्र पहिल्यांदा कळलं. बरं एक विचारतो, पत्रकात शेवटी 'अनुकूलन वित्तपुरवठा' पण आहे. याला तगाई चालेल का? तग धरायला दिलेले पैसे.

मालदांडी:
चालेल, पण तगाईचा तग धरण्याशी संबंध नाही हो, मलाही लहानपणी तसंच वाटायचं. मूळ अरबी तकावी, बळ देणे. इंग्रजांनी 1883 आणि 1884 ला कायदे करून विहिरीला, बियाण्याला, बैलाला जी सरकारी कर्जं दिली ती तगाई. नावात बळ, व्यवहारात कर्ज, व्याजासकट वसूल. आत्ताही गरीब देशांना हवामानासाठी जो पैसा येतो त्यातला मोठा भाग कर्जच असतो, म्हणजे तगाई तंतोतंत बसतो. 2022 ला शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत जो नुकसानभरपाई निधी ठरला त्याला मात्र तगाई म्हणू नका. तो पंचनाम्याच्या जातीचा, आणि पंचनामा झाल्यावर पैसे कधी येतात ते गावात सांगायची गरज नाही.

जुनीगिरणी:
'मानवणे' कुणीच नाही काढलं? इथली हवा मला मानवत नाही. वाक्याचा कर्ता 'हवा' आहे, माणूस नाही. दोष ना माणसाला ना कुणाला, फक्त जमलं नाही एवढंच.

शेंगाचटणी:
सुंदर आहे पण प्रश्न हा आहे ना की मानवली नाही तर माणूस गाव बदलतो. ऊसतोडीला, पुण्याला, भिवंडीला. अख्ख्या जिल्ह्याला हवा मानवली नाही तर कुठं जायचं?

बरं, ठरलं ते असं: पत्रकातली ओळ खोडली. 'हवा बदललीय, पुढची बेगमी कशी करायची आणि त्यातलं कुणाच्या पानात किती वाढायचं' असं लिहिलंय. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली 'वाढायचं' नको, 'वाढणार' कर, आणि पुढं विचारलं वाढणार कोण ते लिहिलं नाहीस. सभा गुरुवारी आहे, कुणाला सुचलं तर सांगा.