मदत हवी आहे: १९६६६७ ही मूळ संख्या आहे का? भागाकार कुठंवर करायचे?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. माझी पुतणी बेळगावात मराठी माध्यमात आठवीत आहे. टपालाच्या पाकिटावरचा ५९०००१ हा पिनकोड बघून तिनं त्याचे मूळ अवयव पाडायला घेतले. (पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली, ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, हे मीच तिला सांगत होतो.)

अंकांची बेरीज १५, म्हणून ३ नं भाग गेला. उरले १९६६६७. त्याला २, ३, ५ जात नाहीत हे दिसतंच. मग ७ पासून ९७ पर्यंतच्या २२ मूळ संख्यांनी तिनं हातानं भागून बघितलं. दोन पानं भरली, एकीनंही भाग गेला नाही. "काका, कुठंवर करायचं ओ हे?" मी म्हटलं, शंभरपर्यंत गेला नाही म्हणजे मूळच असणार. तिनं वहीत तसं लिहिलं, शेजारच्या कन्नड माध्यमातल्या मैत्रिणीलाही 'अविभाज्य संख्ये' म्हणून सांगून आली.

रात्री मला झोप येईना. १०१ नं भाग जाणार नाही कशावरून? पोरीनं माझ्या शब्दावर लिहिलंय. नेमकं कुठं थांबायचं, आणि यापेक्षा कमी भागाकारांत होतं का, कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, थांबायचं वर्गमुळापाशी. ४४४ चा वर्ग १९७१३६, म्हणजे आपल्या संख्येहून मोठा. दोन्ही अवयव ४४३ च्या पुढचे असते तर गुणाकार संख्येला ओलांडून गेला असता. म्हणून एक तरी ४४३ च्या आत हवाच. तिथवर ८६ मूळ संख्या आहेत, तुमच्या २५ झाल्या. शंभरची हद्द दहा हजारांच्या आतल्या संख्यांना पुरते.

७, ११, १३ साठी एकच वजाबाकी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. शेवटच्या तीन अंकांच्या संख्येतून पुढच्या तीन अंकांची वजा करा: ६६७ − १९६ = ४७१, आणि ४७१ ला तिन्ही जात नाहीत.

आता फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडली, की त्या दोन संख्यांची वजाबाकी आणि बेरीज हेच तिचे अवयव. मूळ ५९०००१ च घ्या. ७६८ चा वर्ग त्याहून लहान, म्हणून ७६९ पासून सुरुवात. प्रत्येकाच्या वर्गातून ५९०००१ वजा करा आणि बाकी पूर्ण वर्ग येते का बघा. २, ३, ७, ८ वर संपणाऱ्या संख्या सोडून द्या, त्यांची बाकी ३ किंवा ८ वर संपते आणि वर्ग तसा कधीच संपत नाही. उत्तर सांगत नाही, तिलाच शोधू दे. ८०० च्या आत मिळेल.

धागाकर्ता:
मिळालं! ७९९ चा वर्ग ६३८४०१, वजा ५९०००१, बाकी ४८४००, म्हणजे २२० चा वर्ग. म्हणून (७९९ − २२०) × (७९९ + २२०) = ५७९ × १०१९. त्यात ५७९ = ३ × १९३. म्हणजे १९६६६७ = १९३ × १०१९, मूळ नाहीच. १०१९ साठी ३१ पर्यंतच बघायचं हे तिनं आपणहून सांगितलं, आणि ती मूळ निघाली. ९७ नंतर आणखी १९ भागाकार केले असते तरी १९३ सापडला असता. मैत्रिणीकडं जाऊन तिची वहीपण दुरुस्त करून आली.

तिचीच एक शंका राहिलीय. थेट १९६६६७ वर ही रीत लावली तर ४४४ पासून ६०६ पर्यंत जावं लागतं. ३ नं गुणल्यावर ३१ पायऱ्यांत सुटलं. कशानं गुणायचं हे आधी कसं ओळखायचं?