सँडिंग मशीन: कोरं घ्यावं की सेकंडहँड?

काटकोन

घरी हौसेनं सुतारकाम करणाऱ्यानं सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन, सेकंडहँडच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आपण सुट्टीच्या दिवशी एखादं टेबल, एखादी मांडणी करतो. बाकी वर्षभर मशीन कपाटात. मग हौशी वापरासाठी बनवलेलं हलकं नवं मशीन घेण्यापेक्षा त्याच पैशात कारखान्यात चालणारं दणकट जुनं मशीन मिळत असेल, तर ते का सोडायचं? दोन्ही चालू करून हातात धरून बघा. स्वस्त नव्यानं थोड्याच वेळात हाताला मुंग्या येतात. आणि सँडरमध्ये बिघडण्यासारखं आहे तरी काय? मोटर, बेअरिंग, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे), पॅड (ज्यावर घासायचा पेपर चिकटवतात ती चकती). मोटर सोडली तर सगळं बदलता येतं. उलट मत असणाऱ्यांनी कारणासकट लिहावं, मला खरंच ऐकायचंय.

भुसा_१८०

काटकोन, तुम्ही सगळ्या सँडरना एकाच रांगेत बसवलंत, माझा विरोध तिथूनच सुरू होतो. हातात धरायचा रँडम ऑर्बिटल जुना घेऊ नये. हे मशीन जन्मभर स्वतःच केलेल्या धुळीत चालतं. ड्रिलचा भुसा जाडा, तो खाली पडतो. सँडरचा पिठासारखा बारीक, आणि मोटर थंड ठेवणारा पंखा तोच आत ओढतो. बेअरिंगमध्ये, कार्बनपाशी, स्विचमध्ये तो जाऊन बसतो. बाहेरून पुसून चकाचक केलेल्या मशीनमध्ये हे काहीच दिसत नाही.

दुसरं, पॅडच्या ब्रेकचं. या मशीनच्या पॅडला दोन हालचाली असतात. एक म्हणजे मिनिटाला १० ते १२ हजार वेळा २-३ मिमीचं छोटंसं वर्तुळ काढणं, आणि दुसरी म्हणजे सोबत स्वतःभोवती त्यापेक्षा खूपच सावकाश फिरणं. बऱ्याच मशीनमध्ये पॅडच्या वर एक रबरी कडं असतं. मशीन उचललं की पॅडला मोकाट फिरू न देणं हे त्याचं काम. ते झिजलं की पॅड हवेत भरमसाट वेग घेतं आणि लाकडावर टेकताक्षणी गोल ओरखडा काढतं. कोऱ्या लाकडावर तो सहसा दिसत नाही. पॉलिशचा पहिला हात बसला की उठून दिसतो, मग सगळं खरवडून पुन्हा १२० नंबरच्या पेपरपासून सुरुवात.

काटकोन

मुद्दा बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. ते कडं आणि पॅड हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत, नव्या मशीनलाही ते कधीतरी बदलावेच लागतात. वेल्क्रोचे आकडे उष्णतेनं वितळले की पेपर सुटायला लागतो, हेसुद्धा नव्याच्या नशिबी आहेच. बेअरिंगचं तर त्याहून सोपं. त्यावर नंबर कोरलेला असतो. ६०८ म्हटलं की आतून ८, बाहेरून २२ आणि जाडीला ७ मिमी, कंपनी कुठलीही असो. रबरी सीलचं बेअरिंग बसवलं की धुळीचा त्रासही बराच कमी होतो.

भुसा_१८०

बेअरिंग मिळेल. पण बंद झालेल्या मॉडेलचं पॅड मिळेल का? १२५ मिमीच्या पॅडवरसुद्धा भोकांची मांडणी वेगवेगळी असते. पेपरची भोकं पॅडच्या भोकांशी जुळली नाहीत की धूळ ओढली जात नाही, पेपर भरून जातो आणि घासण्याऐवजी लाकूड तापवत बसतो. जाळीच्या पेपरनं ही अडचण बरीचशी सुटते, कबूल. आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं, काय करणार? ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतो त्या काळ्या पडून खाचा पडल्या असतील, तर नवे कार्बनही भराभर झिजतात.

जाड_फळी

तुम्ही दोघं एकाच मशीनवर भांडताय. टेबलावर बसवायचा डिस्क सँडर किंवा बेल्ट-डिस्क जोडी घ्यायची असेल, तर मी शंभर टक्के जुन्याच्या बाजूचा. यातल्या बऱ्याच मशीनना इंडक्शन मोटर असते, म्हणजे कार्बनही नाही आणि आर्मेचरच्या त्या पट्ट्याही नाहीत. बिडाचं टेबल असेल तर ते जुनं झालं म्हणून काही वाकत नाही, आणि बिडाच्या वजनानं थरथर कमी होते. हल्लीच्या छोट्या मशीनची पत्र्याची टेबलं मला अजिबात आवडत नाहीत. काटकोनात लावलेलं टेबल फळी टेकवली की जरा दबतं.

बघायचं एवढंच: मोटर नुसती गुणगुणत राहिली आणि फिरली नाही, तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलाय, तो बदलता येतो. बेल्ट सरळ चालवण्याची खुंटी फिरवून बेल्ट दोन्हीकडे सरकतो का ते बघा. रोलरचं रबर नखानं दाबून पाहा, कडक होऊन तडे गेले असतील तर बेल्ट घसरणार. आणि मशीनसोबत जुने बेल्ट फुकट मिळाले तर वापरू नका. त्यांचा सांधा डिंकाचा असतो, वर्षानुवर्षं पडून तो सुकतो आणि चालू मशीनवर फाटकन सुटतो.

ओळंबा

मला सेकंडहँडविरुद्ध एक वेगळं कारण मांडायचंय. जुन्या मशीननं आधी काय घासलंय, हे तुम्हाला कोण सांगणार? जुन्या दारांचा शिशाचा रंग घासला असेल, तर ती धूळ मशीनमध्ये आणि पिशवीत आहे, आणि तुम्ही ती घरात आणताय. आणि नुसत्या लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. प्रामुख्यानं नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगासाठी. घरात लहान मुलं असतील तर धूळ नीट ओढणारं नवं मशीनच घ्या, असं मी कळकळीनं सांगेन.

जाड_फळी

शिशाचं म्हणणं एकदम पटलं, त्यावर वादच नाही. पण नवं घेतलं म्हणजे धूळ आटोक्यात आली, असं कृपा करून समजू नका. नव्यासोबत येणाऱ्या कापडी पिशवीतून सगळ्यात बारीक धूळ, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारी, आरपार जाते. मशीनला चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम जोडायचा आणि तोंडावर मास्क लावायचा, मशीन कितीही कोरं असो.

काटकोन

ओळंबा, तुमच्या मुद्द्यामुळे एक अट घालतो: आधी रंगकामाला वापरलेलं किंवा कशाला वापरलंय ते माहीतच नसलेलं मशीन नको. सुताराच्या हातचं असेल तर मात्र मी जुनंच घेणार. प्लग काढून पॅड हातानं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघेन. खडखडलं तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा.

भुसा_१८०

हातानं हलवून अर्धंच कळतं. फळीवर टेकवून सलग दहा मिनिटं चालवा, विकणारा कितीही घाई करू दे. थंड मशीन गप्प असतं, तापल्यावर बेअरिंग किंचाळायला लागतं. हवा बाहेर पडायच्या फटीतून आत बघा: बारीक निळसर ठिणग्या चालतील, पूर्ण गोल फिरणारी ठिणग्यांची कडी दिसली तर तिथेच ठेवून या. आणि दहा मिनिटं चालवू देत नसेल, तर नवं घ्या.