उत्तर: एकच बॅटरी बदलावी का?
सोलरवर चालणाऱ्या 24 व्होल्टच्या जोडीतली (12 व्होल्टच्या दोन) एकच ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची लेड-ॲसिड) बॅटरी लवकर उतरते, तर तेवढीच बदलावी का, असं विचारलंय. शक्यतो नको. सिरीजमध्ये (एकीमागे एक जोडल्यावर) दोघींतून करंट सारखाच जातो. जुनी आधी भरून उकळत राहते आणि आधीच रिकामी होते, नवी अर्धवट भरलेलीच राहते.

बदलायचं ठरवण्याआधी हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता दाखवणारं उपकरण) लावा. दिवसभर ऊन मिळून चार्जिंग पूर्ण झालं, की तासाभराने बाराही सेल तपासून आकडे लिहून ठेवा. ट्युब्युलरला 1.240 च्या आसपास हवं. सगळेच 1.200 ला अडकले असतील तर पॅनेल कमी पडतंय, बॅटरीला दोष देऊ नका. सेलमध्ये 0.030 हून जास्त फरक असेल तर इक्वलायझेशन, म्हणजे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्जिंग: आधी प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर, मग सोलर चार्ज कंट्रोलर 31 व्होल्टवर, दोन-तीन तास, लोड बंद. खिडक्या उघड्या ठेवा, हायड्रोजन निघतो. हात लावून बॅटरी चांगलीच गरम लागली तर थांबा.

एवढं करूनही एखादा सेल 0.050 ने मागेच राहिला तर तो गेला. ॲसिड ओतून आकडा वाढतो, सेल सुधारत नाही (दुकानदार हे हमखास सुचवतात).